कादंबरी, सिनेमा, वसाहत आणि बाई : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गोव्यात फोंड्याला दर महिन्याला एक कादंबरी वाचतो आणि मग तिच्यावरचा सिनेमा एकत्र बसून बघतो. कधी आठ जण असतात, कधी वीस. दोन वर्षं झाली, विषय एकच धरलाय, परक्यांच्या राज्यात घडणाऱ्या गोष्टी आणि त्यातल्या बायका-पुरुषांची कामं, म्हणजे कोणी काय करायचं, कोणी काय सोसायचं हे कोण ठरवतं ते. नवीन माणूस आला की तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी मी अर्धंच उत्तर देते कारण चहा आलेला असतो. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय.

बाई तर सगळ्याच गोष्टींत असते, त्यात वसाहत कुठून आली?

हे मला पुस्तकातून नाही, आईमुळे कळलं. घरी टीव्हीवर 'त्रिकाल' लागला होता, श्याम बेनेगलांचा १९८५ चा. तो कादंबरीवरचा नाही, पण गोव्याचा आहे, १९६१ चा, पोर्तुगीज जायच्या आधीचा, लोटलीच्या मारियो मिरांडांच्या घरात शूटिंग झालेलं. मी त्या घराचे खांब बघत होते, झुंबरं, लाकडी खुर्च्या, दोना मारिया झालेल्या लीला नायडूंचा काळा पोशाख. आई भाजी निवडत होती आणि मध्येच म्हणाली, "ती मिलाग्रीन कामाला आहे ना, ती जेवते केव्हा गे?"

मी परत नीट बघायला लागले. नीना गुप्तांची ती मिलाग्रेनिया, घरातली कामवाली, आणि खरं तर त्याच घरच्या मेलेल्या धन्याची लग्नाबाहेरची मुलगी. मेलेल्याला बोलवायला बसतात तेव्हा माध्यम म्हणून हिलाच बसवतात. म्हणजे घरात जिचं कोणी ऐकत नाही तिच्या तोंडातून मेलेली माणसं बोलायला लागली की सगळे कान टवकारतात! वसाहत म्हणजे किल्ला, तोफ, गव्हर्नर एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण ती घरातसुद्धा असते, कोण दिवाणखान्यात बसतं आणि कोण मागच्या पडवीत निजतं यात. आणि तिथे सगळ्यात खाली बहुतेक वेळा बाईच असते. आता कुठलाही सिनेमा लागला की मी आईचाच प्रश्न घेऊन बसते, ही जेवते केव्हा, हिचं नाव काय, ही बोलते का.

सिनेमा करताना मूळ गोष्टीत नसलेली बाई घुसवतात असं म्हणतात, खरं का?

खरं, आणि सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे 'किंग सॉलोमन्स माइन्स'. हॅगर्डची कादंबरी १८८५ ची, आफ्रिकेत खजिना शोधायला निघालेले तीन इंग्रज पुरुष. गोष्ट सांगणारा क्वाटरमेन सुरुवातीलाच अभिमानाने सांगून टाकतो की या सगळ्या हकिकतीत एकसुद्धा परकर नाही. लेखकाला तो भाग पुरुषांचं मैदान म्हणूनच हवा होता, घर-बायको-संसार सगळं इंग्लंडात ठेवून मर्दानगी सिद्ध करायची जागा.

मग हॉलिवूड आलं. १९५० च्या सिनेमात डेबोरा कर आहे, नवऱ्याला शोधायला निघालेली गोरी बाई, आणि सगळी सफरच तिच्यामुळे सुरू होते. त्याआधी इंग्लंडात केलेल्या १९३७ च्या सिनेमातही अशीच एक गोरी नायिका घातलेली. बरं वाटतं ना, बाईला जागा मिळाली म्हणून? पण मूळ कादंबरीत एक बाई आहे, फुलाटा नावाची आफ्रिकन मुलगी, त्या तिघांतल्या एका गोऱ्याची सेवा करते, तिचा त्याच्यावर जीव जडतो आणि लेखक तिला मारून टाकतो, कारण गोरा आणि काळी यांचं लग्न त्याच्या डोक्यातच बसत नव्हतं. मरताना तीच म्हणते की सूर्य आणि अंधार यांची जोडी होत नाही. लेखकाने ते वाक्य तिच्याच तोंडी घातलंय याचा मला अजून राग येतो. आणि सिनेमात प्रेम आलं तेव्हा ते गोऱ्या बाईच्या वाट्याला आलं. म्हणून नुसत्या बायका मोजून काही कळत नाही, कुठली आली आणि कुठली गेली ते बघावं लागतं.

'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये गुहेत नेमकं काय झालं?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि उत्तर असं की फॉर्स्टरने ते लिहिलेलंच नाही. १९२४ ची कादंबरी, अडेला क्वेस्टेड नावाची तरुण इंग्रज मुलगी डॉक्टर अझीझबरोबर मराबारच्या गुहा बघायला जाते, ती गुहेत शिरते, आणि पुढचं आपल्याला दिसतच नाही, थेट आरोप कानावर येतो. मग कोर्टात ती स्वतःच आरोप मागे घेते.

डेव्हिड लीनने १९८४ मध्ये सिनेमा केला आणि त्याला ती मोकळी जागा सोडवली नाही. त्याने एक प्रसंग स्वतःचा घातला, अडेला सायकलवरून एकटी फिरायला जाते, गवतात पडकं देऊळ लागतं, तिथे मिथुन शिल्पं, ती बघत राहते आणि वरून माकडं चीत्कारत खाली धावून येतात, ती घाबरून सायकल दामटत पळते. प्रसंग म्हणून तो विलक्षण घेतलाय, सायकलच्या चाकांचा आवाजसुद्धा लक्षात राहतो. पण त्याचा अर्थ काय निघतो बघा. हिच्या मनात दबलेलं काहीतरी होतं आणि म्हणून पुढे गुहेत हिला भास झाला. कादंबरीतली अडेला प्रामाणिक, थोडी रुक्ष, सगळं समजून घ्यायला धडपडणारी, सिनेमात ती आजारी मनाची होते. जुडी डेव्हिसने ती इतकी चांगली केलीय की हा फरक पटकन जाणवत नाही.

आमच्या गटात यावर खूप भांडण झालं. एक वहिनी म्हणाल्या, बाईने आरोप केला की तिच्याच डोक्यात बिघाड होता असं दाखवायची सवय नवी नाही. एक सर म्हणाले, पण अझीझ निर्दोष होता, आणि गोऱ्या बाईच्या एका शब्दावर काळ्या माणसाला तुरुंगात टाकणं हेच तर ते राज्य होतं. दोघांचं बरोबर आहे. ही कादंबरी म्हणूनच अवघड आहे, दोन अन्याय एकमेकांसमोर उभे केलेत आणि एकाची बाजू घेतली की दुसरा हातातून निसटतो.

कोर्टाच्या प्रकरणात फॉर्स्टर पंखा ओढणाऱ्या माणसाकडे थांबून बघतो, तो देखणा आहे, सगळ्यांत खालच्या जातीतला, आणि अडेलाची नजर त्याच्यावर जाते. खटला संपतो, दालन रिकामं होतं, आणि तो काय झालं ते न कळता दोरी ओढतच राहतो. हे पान वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, आता बरोबर.

मोठ्या पडद्यावर चेहऱ्यांचंही राजकारण असतं. अझीझ झालेले व्हिक्टर बॅनर्जी आपले, पण प्रोफेसर गोडबोले, म्हणजे नावावरून चक्क मराठी ब्राह्मण, ते केले अ‍ॅलेक गिनेसने.

नन्सचा तो हिमालयातला सिनेमा दाखवलात त्यात वसाहत कुठे आहे? त्यात तर कोणी कोणावर राज्य करत नाही.

'ब्लॅक नार्सिसस'. रुमर गॉडनची कादंबरी १९३९ ची, सिनेमा पॉवेल आणि प्रेसबर्गर यांचा १९४७ चा, म्हणजे ज्या वर्षी इंग्रज गेले त्याच वर्षीचा. डोंगरावरच्या जुन्या जनानखान्यात पाच नन्स शाळा आणि दवाखाना काढायला येतात आणि तिथली हवा, उंची, वारा त्यांना टिकू देत नाही. एकही दृश्य हिमालयात घेतलेलं नाही, सगळं इंग्लंडातलं, डोंगर काचेवर रंगवलेले. तरीही आपण फसतो, इतका तो सुंदर आहे. कॅमेरा आणि कलादिग्दर्शन दोन्हींना ऑस्कर मिळालं.

यात कोणी हुकूम सोडत नाही, पण तुमच्या मुलांना आम्ही शिकवतो, तुमची औषधं चूक, आमची बरोबर, हेही राज्यच असतं की. आणि ते काम बायकांकडे दिलं जायचं. गोव्यात कॉन्व्हेंटात शिकलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. नन्सनी आम्हाला जे दिलं ते खरोखर दिलं, मला इंग्रजी वाचता येतं ते त्यांच्यामुळे, आणि तरीही मराठीत बोललं की दंड भरायला लागायचा तो मी विसरलेले नाही. दोन्ही एकाच बाईंच्या हातून.

सिनेमात एक जागा आहे, सिस्टर रूथ नन्सचा झगा टाकून लाल कपडे घालते आणि त्यांची मुख्य नन क्लोडा हिच्या समोर बसून सावकाश ओठांना लाली लावते, समोर क्लोडा बायबल उघडते. त्या एका लालीत केवढी दहशत भरलीय! बाईने आपल्या मनासारखं काही केलं की ते वेड म्हणूनच दाखवायचं, अशी ही गोष्ट.

पण मला जास्त सलते ती कांची. सतरा वर्षांची मुलगी, डोळे, नथ, दागिने, नाच, आणि पूर्ण सिनेमात तोंडातून एक शब्द नाही. ती केली जीन सिमन्सने, इंग्रज मुलगी, अंगाला रंग फासून. म्हणजे एकुलती एक तरुण भारतीय बाई आणि तीही मुकी आणि तीही रंगवलेली.

सिनेमावाले शेवट का बदलतात?

लोकांना गोड शेवट लागतो हे नेहमीचं उत्तर. मला ते पुरत नाही, कारण बदललेले शेवट एका ठरावीक बाजूलाच झुकतात.

'भवानी जंक्शन' घ्या. जॉन मास्टर्सची कादंबरी १९५४ ची, गोष्ट १९४६ ची, इंग्रज निघायच्या तयारीत आणि रेल्वेत काम करणारे अँग्लो-इंडियन लोक मध्ये अडकलेले. व्हिक्टोरिया जोन्स, तिच्या आयुष्यात तीन पुरुष, एक शीख, एक इंग्रज कर्नल, एक तिच्याच समाजातला पॅट्रिक. कादंबरी तीन जण सांगतात, पॅट्रिक, व्हिक्टोरिया आणि कर्नल सॅव्हेज, प्रत्येकाचा 'मी'. शेवटी ती आपल्या माणसाकडे, पॅट्रिककडे जाते. जॉर्ज क्यूकरच्या १९५६ च्या सिनेमात पॅट्रिक मरतो, ती कर्नलची होते, आणि सगळी गोष्ट कोण सांगतो तर कर्नल. तिचा 'मी' गेलाच. एव्हा गार्डनर डोळ्यांसमोरून हलत नाही, पण तिची गोष्ट तिच्याकडे राहिलेली नाही.

आता याच्याशेजारी 'घरे बाइरे' ठेवा. रवींद्रनाथांची १९१६ ची कादंबरी, तीही तीन आवाजांत, बिमला, तिचा नवरा निखिलेश आणि स्वदेशीचा पुढारी संदीप. सत्यजित रायनी १९८४ मध्ये सिनेमा केला तेव्हा त्यांनीही शेवट बदलला, कादंबरीत निखिलेश डोक्याला जबर मार लागून आणला जातो आणि पुढे काय ते अधांतरी, सिनेमात बिमलेच्या अंगावर विधवेचं पांढरं वस्त्र दिसतं. पण गोष्ट सुरू होते ती बिमलेच्याच आवाजात. आणि तो चालत जायचा प्रसंग, नवरा बायकोला अंतःपुरातून बाहेरच्या दिवाणखान्यात नेतो, रंगीत काचांच्या खिडक्यांचा लांब व्हरांडा, दोघं एकेक पाऊल टाकत येतात. आपल्याकडच्या जुन्या घरात माजघर आणि ओसरी यांच्यात केवढं अंतर असायचं ते माहीत असलेल्या बाईला तो व्हरांडा बघून रडू येतं. आमच्याकडे दोघी रडल्या.

तिसरं, 'द इंग्लिश पेशंट'. ऑन्डाचेची कादंबरी १९९२ ची. त्यात किप नावाचा शीख सैनिक आहे, इंग्रजांसाठी बॉम्ब निकामी करणारा. जपानवर अणुबॉम्ब पडल्याची बातमी रेडिओवर ऐकतो आणि बंदूक घेऊन त्या जळालेल्या पेशंटसमोर उभा राहतो, गोऱ्यांच्या देशावर तुम्ही हा बॉम्ब टाकला नसता या रागाने, आणि नर्स हानाला सोडून निघून जातो. १९९६ च्या सिनेमात हे सगळं गायब, नऊ ऑस्कर मिळालेल्या त्या सिनेमात वाळवंटातलं प्रेम तेवढं मोठं झालं. किप गोड प्रियकर उरला. वसाहतीतल्या पुरुषाचा राग काढून घेतला की तो देखणा दिसायला मोकळा.

म्हणजे फक्त बायकांचं नाही, पुरुषांच्या भूमिकाही यात येतात?

अर्थात. वसाहतीत पुरुषालाही साचा असतो, गोरा म्हणजे मर्द आणि रक्षणकर्ता, इथला पुरुष म्हणजे एक तर बायकी नाहीतर बायकांवर झडप घालणारा. अझीझवर आरोप टिकतो तो दुसऱ्या साच्यामुळे. पहिला साचा बघायचा तर 'शतरंज के खिलाडी', प्रेमचंदांच्या कथेवरचा रायचा १९७७ चा सिनेमा, नाचगाण्यात रमलेला वाजिद अली शाह, आणि त्याच्या ठुमरीकडे बघून हा राज्य करायच्या लायकीचा नाही असं ठरवणारा जनरल. इंग्रजाला कविता करणारा राजा पुरुषच वाटत नाही. रायनी मात्र त्या राजाला रडताना, गाताना पूर्ण मान दिलाय.

बाईने लिहिलं, बाईने काढलं, तर काही वेगळं होतं का?

होतं, पण आपोआप नाही. 'ब्लॅक नार्सिसस' बाईनेच लिहिलेली.

'हीट अँड डस्ट'मध्ये रूथ प्रवर झाबवालांनी कादंबरीही लिहिली, १९७५ ची, बुकर मिळालेली, आणि १९८३ च्या मर्चंट-आयव्हरीच्या सिनेमाची पटकथाही त्यांचीच. १९२३ मधली ऑलिव्हिया, इंग्रज अधिकाऱ्याची बायको, नवाबाकडे निघून जाते, आणि पन्नास वर्षांनी तिच्या नवऱ्याची नात तिचा माग काढत येते. गोऱ्या बाईला वसाहतीत कसं काचेच्या कपाटात ठेवलं जायचं ते यात फार बारकाईने आहे, उन्हाळा आला की बायकांनी डोंगरावर जायचं आणि पुरुषांनी खाली राज्य करायचं. नवाबाची आई आणि तिच्याभोवतीच्या बायका मात्र ऑलिव्हियाच्या नजरेतूनच येतात, त्या आपापसात काय बोलतात ते आपल्याला कळत नाही.

माझी सगळ्यात आवडती जोडी पोर्तुगीज आहे आणि ती इथे कोणाला माहीत नसते याचं वाईट वाटतं. 'आ कोश्ता दुश मुर्मूरिउश', म्हणजे साधारण कुजबुजींचा किनारा, लिडिया जॉर्ज यांची १९८८ ची कादंबरी, आणि त्यावर मार्गारिदा कार्दोझो या बाईनेच २००४ मध्ये केलेला सिनेमा. जागा मोझांबिक, काळ पोर्तुगीजांच्या तिथल्या युद्धाचा. एव्हिता नावाची तरुणी तिथे लष्करातल्या आपल्या माणसाशी लग्न करायला येते आणि बघते तर तो कॉलेजातला गणिताचा हुशार मुलगा राहिलेलाच नाही, कॅप्टनची नक्कल करणारा, मारण्यात मजा वाटणारा माणूस झालाय. पुरुष मोहिमेवर जातात, बायका हॉटेलात वाट बघत बसतात. कॅप्टनची बायको हेलेना तिला लपवून ठेवलेले फोटो दाखवते, त्या मोहिमांत काय केलं जातं त्याचे. मर्दानगी कशी तयार केली जाते हे बायकोच्या जागेवरून इतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलं नाही. आणि पुस्तकाची रचना बघा, आधी एक गोष्ट येते छान सजवलेली, मग तीच बाई वीस वर्षांनी ती गोष्ट वाचून म्हणायला लागते, हे असं नव्हतं, हे तसं नव्हतं.

गोव्यातली कितीतरी कुटुंबं तेव्हा मोझांबिकला होती. आमच्या वाड्यावर तिथून परत आलेल्या एक आज्जी होत्या, त्या नोकरांना अजून 'मुलेक' म्हणायच्या. आम्हाला तो लाडाचा शब्द वाटायचा.

मराठीत असं काही आहे का, की सगळं परदेशीच?

'कुंकू' बघा, आजच बघा. प्रभातचा १९३७ चा, व्ही. शांतारामांचा, नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, शांता आपटे, आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडत बसत नाही, विष घेत नाही, घरातच राहून भांडते. पार्श्वसंगीत नाही, घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज. यात साहेब कुठे दिसत नाही पण वसाहत आहे, कारण ही मुलगी इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची. परक्या भाषेतून तिला लढायला शब्द मिळतात. सावत्र मुलगी सुशीला झालेल्या शकुंतला परांजपे तर प्रत्यक्षातही संततिनियमनाचं काम करणाऱ्या.

कादंबरीतच राहायचं तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो', १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेली. पुरुष लेखक, पण गोष्ट यमू सांगते, 'मी' म्हणून. त्याच वेळी बाहेर संमतिवयाचा वाद पेटलेला, १८९१ च्या कायद्याने मुलीचं वय दहावरून बारा केलं, आणि हे सरकारने का करावं म्हणून टिळकांनी विरोध केला. म्हणजे राज्य परक्यांचं, घर आपलं, आणि घरातली दहा वर्षांची पोर त्या दोघांच्या मध्ये. हे वाचल्याशिवाय 'आपली संस्कृती विरुद्ध त्यांचं राज्य' असं सोपं बोलू नये.

हे कायदे गोव्यात होते का?

नाही, हद्द वेगळी, राज्य वेगळं. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, १८७० पासून लागू, त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक आणि बायकोचा अर्धा वाटा. ऐकून भारी वाटतं. पण १८८० मध्ये हिंदूंच्या चालीरीतींचा वेगळा हुकूम निघाला त्यात बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर अटी घालून नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवलेली. पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, आमच्या बायकांना हक्क दिले असं कोणी म्हणालं की मी हे दुसरं पान पुढे करते.

आणि त्याच्याही खूप आधी, आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या सैनिकांची इथल्या बायकांशी लग्नं लावून दिली, पुढे पोर्तुगालहून अनाथ मुली लग्नासाठी जहाजांत बसवून पाठवल्या. त्यातल्या एकीचीही गोष्ट तिच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेली नाही. कामोंइशचं महाकाव्य 'उश लुझियादश' १५७२ चं, त्यात दमलेल्या खलाशांना बक्षीस म्हणून देवी एक बेटच देते अप्सरांनी भरलेलं. पणजीला मिनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूटमध्ये गेलात तर भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर त्याच काव्यातले प्रसंग आहेत, मुद्दाम थांबून बघा.

गोव्याच्या कादंबऱ्यांवर सिनेमे?

गंमत म्हणजे पहिलाच कोकणी सिनेमा, 'मोगाचो आंवडो', २४ एप्रिल १९५० चा, पोर्तुगीज राज्यातला, तो कादंबरीवरच आधारलेला, 'मोगाची वोड'.

मराठीत जयवंत दळवींची 'महानंदा'. भावीण, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायकांच्या, घराण्यातली मुलगी आणि शिकलेला प्राध्यापक. आधी शं. ना. नवऱ्यांनी तिचं 'गुंतता हृदय हे' नाटक केलं, मग सिनेमा आला. 'मागे उभा मंगेश' हे गाणं त्यातलंच, आणि हे कितीजणांना माहीत असतं? जत्रेत, लग्नात, गणपतीत लागतं, आपण हात जोडतो. ज्या मुलीच्या गोष्टीतलं ते आहे ती देवाला वाहिलेल्या बाईची मुलगी, हे गाण्याबरोबर आपल्यापर्यंत आलं नाही. बोरकरांची 'भावीण' कादंबरीही याच जगावरची. पण हे सगळे बाहेरून लिहिणारे. आतून ऐकायचं असेल तर राजाराम पैंगीणकरांचं आत्मचरित्र 'मी कोण?' वाचा, त्याच समाजात जन्मून समाजसुधारणेला आयुष्य दिलेला माणूस.

आणि दामोदर मावजोंची 'कार्मेलीन', १९८१ ची, कोकणी, साहित्य अकादमी मिळालेली. घरकामाला कुवेतला गेलेली गोव्याची बाई. राज्य गेलं, मालक बदलला, मुलूख बदलला, काम तेच. ती वाचताना मला सारखा पडदा दिसतो.

तेव्हा नाटक-सिनेमात बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे ना?

हो, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती अण्णा साळुंके यांनी केली. तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, रेजिना फर्नांडिस १९०४ मध्ये उभी राहिली तोवर बाईचं काम पुरुषच करत. आणि १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे आल्या त्या आपल्या बांदिवड्याच्या. आमच्या गटातून बांदिवडं चालत जाण्याइतकं जवळ.

त्या काळी तसंच होतं, आजच्या नजरेने कशाला बघायचं?

त्या काळातही सगळे एकाच नजरेने बघत नव्हते. 'कुंकू' १९३७ चा आहे आणि त्याच साली इंग्लंडचा आफ्रिकेतला खजिना चाललेला. काळ एकच.

आधी पुस्तक की आधी सिनेमा? आणि बघताना करायचं काय?

आम्ही आधी पुस्तक. सिनेमा आधी बघितला की पुढे अडेला म्हटलं की जुडी डेव्हिसच दिसते, आपली अडेला तयारच होत नाही. पण ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी लाजू नये, सिनेमा बघून या, वाचलेला भाग आम्ही सांगतो.

करायचं एवढंच की वही ठेवायची. पान दोन भागांत, एकीकडे गोष्टीत ज्यांना नाव आहे त्या बायका, दुसरीकडे ज्यांना नाव नाही त्या, आया, पाणी भरणारी, दारामागून बघणारी. नाव नसेल तर काय करत होती ते लिहायचं, "वारा घालत होती", "ट्रे घेऊन आली". मागच्या महिन्यात वह्या गोळा केल्या तर आमच्यातल्या सगळ्यात वयस्क काकींच्या पानावर उजवीकडे सात ओळी होत्या, आणि सातव्या ओळीत, जिथे "दिवा घेऊन जिन्यात उभी" असं लिहिलं होतं, तिथे पुढे त्यांनी एक नाव घातलं होतं. सिनेमात तर तिला नाव नव्हतं, मी विचारलं. म्हणाल्या, माझ्या मावशीचं आहे, ती भाटकाराकडे कामाला होती, तशीच उभी राहायची.